हॅश लावलेली ओळ

खंडेनवमीच्या दुपारी पावणेदोनला आरोही झोपली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी गार झालेला वरणभात खायला बसले आणि तिसऱ्या घासाला रंगनाथभाऊंचा फोन आला.

रंगनाथभाऊ आमच्या शेतकरी कंपनीचे मॅनेजर. म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रोडला कंपनीचं पॅकिंग शेड आहे. आसपासच्या गावांतल्या दीडेकशे घरांचा भाजीपाला आणि फुलं तिथे येतात, निवडली जातात, क्रेटमध्ये भरून ट्रकने बाहेरगावी जातात. प्रत्येक क्रेटवर छापील चिठ्ठी लागते: माल कोणाचा, कुठल्या प्रतीचा, कुठल्या गाडीत जायचा. चिठ्ठ्या छापणारा कॉम्प्युटर मी बसवलेला, त्याची जबाबदारी माझी. तो रोज चालवतात चिमाजी काका.

फोनवर भाऊंच्या मागे गलका होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये झेंडूशिवाय दुसरं काही नसतं. आठशे क्रेट दारात पडलेत, पाचला तीन गाड्या निघायच्यात आणि कॉम्प्युटर आत घेत नाही, असं भाऊ म्हणाले. सकाळी काकांनी पूजेसाठी तो बंद केला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. आरतीनंतर चालू केला तर नाव विचारतो, पासवर्ड घेतो, दोन-तीन सेकंद थांबतो आणि परत पहिल्यापासून नाव विचारतो. काकांनी वीस वेळा तरी करून पाहिलं होतं.

"पूजेत काय केलं त्यांनी देव जाणे," भाऊ म्हणाले. "बघा लवकर."

मी ताट बाजूला सारलं. लॅपटॉप मांडीवर घेतला. एक पाय झोळीसाठी ठेवला.

काकांबद्दल आधी सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी मी कंपनीत लागले तेव्हा ते क्रेट उचलायचे. सातवीपर्यंत शिकलेले, बावन्न वर्षांचे, कमरेला रुंद पट्टा. डॉक्टरांनी वजन उचलायचं बंद करा म्हणून सांगितलं होतं, पण मग करायचं काय, हे सांगितलं नव्हतं. मी कॉम्प्युटरवर काम करत असले की ते मागे उभे राहायचे. एक दिवस विचारलं, ताई, हे काळ्या पाटीवर तुम्ही काय लिहिता आणि ते ऐकतं कसं? मी सांगितलं की त्या काळ्या पडद्यावर शेल नावाचा एक प्रोग्राम असतो. आपण आज्ञा टाइप करायची, त्याने ती यंत्राकडून करून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ते शंभर पानी वही घेऊन आले. एका पानावर एक आज्ञा, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर श्री. तीन महिन्यांत त्यांनी चिठ्ठ्या छापायचं काम माझ्याकडून घेतलं. पट्टा खिळ्याला टांगला तो टांगलाच.

त्यांच्या नावाने आत गेलं की शेल आधी एक फाईल वाचतो. आल्याबरोबर काय काय करायचं त्याच्या सूचना तिच्यात असतात. ती फाईल मी काकांना दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, हिच्या डोक्यावर श्री लिहिलं तर चालंल का? मला हसू आलं होतं. म्हटलं, चालेल, फक्त ओळीच्या सुरुवातीला हॅश लावा. हॅश लावलेली ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसांसाठी असते.

ते त्यांना फार आवडलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला पूजा झाली, कॉम्प्युटर चालू केला की पहिलं काम म्हणजे त्या फाईलमध्ये वरती एक ओळ. मी हे ऐकून होते. ओळी कधी वाचल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट. शेडमधला तो कॉम्प्युटर वर्षभर बंद होत नाही. इन्व्हर्टर आहे. काका घरी जाताना पडद्याला कुलूप लावतात, सकाळी कुलूप उघडतात, पण शेलमधून बाहेर पडत नाहीत. बाहेर पडायचा दिवस वर्षातून एकच, खंडेनवमी. त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नाही, मग हे अवजारच.

तर मी माझ्या स्वतःच्या नावाने घरून आत शिरले. सरळ आत घेतलं. म्हणजे यंत्र जागेवर होतं. डिस्क भरली नव्हती. मेमरी मोकळी होती. प्रिंटर तयार होता. मग तिथूनच काकांच्या नावाने शेल उघडला. दोन सेकंद कर्सर नुसता लुकलुकला आणि एक ओळ आली, सेगमेंटेशन फॉल्ट. बाहेर फेकली गेले. म्हणजे पासवर्डाचा वगैरे प्रश्न नव्हता. शेल उघडत होता आणि उघडल्या उघडल्या मरत होता.

का मरतोय ते शोधायची एक साधी रीत आहे. त्याला सुरुवातीची फाईल न वाचता उघडायचं. मी तसं उघडलं. शेल जिवंत राहिला. म्हणजे दोष फाईलमध्ये. एवढं कळायला मला सात मिनिटं लागली आणि त्या सात मिनिटांचा मला अभिमान वाटला. बाळंतपणानंतर कामावर परत आले तेव्हा भाऊंनी विचारलं होतं, लेकरू लहान आहे, जमेल ना? मी म्हटलं होतं, तिचं काही मध्ये येणार नाही. बघा म्हणावं आता, सात मिनिटं.

मी फाईल उघडली. वरती पाच ओळी. पाचही ओळींच्या सुरुवातीला हॅश, मग श्री. इंग्रजी अक्षरांत, कारण त्या काळ्या पडद्यावर मराठी नीट उमटत नाही.

फोन स्पीकरवर होता. भाऊंनी विचारलं, सापडलं का?

मी म्हणाले, "काकांनी फाईलमध्ये काहीतरी लिहून ठेवलंय."

हॅश मला दिसत होते. हॅश लावलेली ओळ यंत्र वाचत नाही हे मीच शिकवलेलं. तरी मी ते बोलले. घाई होती, हे खरं. पण हेही खरं की चूक दुसऱ्या कोणाची तरी आहे या विचाराने मला बरं वाटलं. गार भातावर गरम वरण पडावं तसं बरं.

पलीकडे भाऊंनी फोन हातातच ठेवून काकांना बोलायला सुरुवात केली. शब्द सगळे कळले नाहीत. पूजा, देवधर्म, कितीदा सांगितलं, असे तुकडे आले. पंधरावीस माणसं आजूबाजूला होती हे गलका थांबला त्यावरून कळलं. मग एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

"काका, आजपासून तुम्ही क्रेटवर. इथे स्नेहा बसेल."

स्नेहा म्हणजे ऑफिसात नवी आलेली मुलगी, कोर्स केलेली.

काका म्हणाले, "बरं."

एवढंच. मी झोळीला पायाने झोका दिला. आरोहीचा हात झोळीबाहेर आला होता, मूठ अर्धी उघडी. मी माझ्या कामाला लागले.

कुठल्याही फाईलला हात लावण्याआधी तिची जशीच्या तशी एक प्रत काढून ठेवायची सवय मला आहे. प्रत काढली. मग वरच्या पाच ओळी निवडल्या आणि एका बोटाने खोडल्या. वाचल्या नाहीत. फाईल सेव्ह केली आणि काकांच्या नावाने शेल उघडला.

दोन सेकंद. सेगमेंटेशन फॉल्ट.

मला आधी वाटलं फाईल नीट सेव्ह झाली नाही. पुन्हा पाहिलं. पाच ओळी गेल्याच होत्या. पुन्हा उघडलं. पुन्हा मेला.

मग मात्र मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. फाईलच्या खालच्या अर्ध्या ओळी तात्पुरत्या बंद केल्या. शेल जगला. म्हणजे दोष खालच्या अर्ध्यात. त्या अर्ध्याचा अर्धा बंद केला. मेला. असं करत करत दहा ओळींवर आले आणि मग शोधायची गरज उरली नाही. कारण त्यातल्या चार ओळी मी ओळखल्या. ओळींच्या आधी दोन जागा सोडायची माझी पद्धत आहे.

त्या ओळी माझ्या होत्या.

पितृपक्षात काकांनी फोन केला होता. एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलं की आत काय काय आहे ते बघायला दर वेळी वेगळी आज्ञा द्यावी लागते, चष्मा लावून टाइप करताना चुकतं. "आत गेलं की यादी आपोआप दिसली तर लय बरं हुईल, ताई." मी म्हटलं, करते. आणि एका दुपारी केलं. फोल्डरमध्ये जायची जी आज्ञा असते तिलाच नवा अर्थ शिकवला, की आधी जा आणि मग यादी दाखव. पण त्या नव्या अर्थाच्या पोटात 'जा' म्हणताना मूळची आज्ञा वापर असं सांगायचं असतं. त्यासाठी एक शब्द लागतो. तो मी लिहिला नाही. त्यामुळे शेलला 'जा' म्हटलं की तो नवा अर्थ बघायचा, त्यात पुन्हा 'जा', मग पुन्हा नवा अर्थ, पुन्हा 'जा'. स्वतःलाच हाका मारत आत आत जायचा आणि शेवटी दम संपून मरायचा. फाईलच्या शेवटी जुनी एक ओळ होती, चिठ्ठ्यांच्या फोल्डरमध्ये जा. म्हणजे काकांनी काही करायचीही गरज नव्हती. आत पाऊल टाकलं की मरण.

मी लिहिलं तेव्हा काकांचा शेल आधीपासून उघडा होता. उघडा शेल फाईल परत वाचत नाही. म्हणून इतके दिवस काही झालं नाही. काकांनी वर्षातून एकदाच यंत्र बंद केलं आणि माझी चूक उघडी पडली.

मी त्या काढून ठेवलेल्या प्रतीची तारीख पाहिली. फाईलला शेवटचा हात कधी लागला ते तिथे लिहिलेलं असतं. दहा दिवसांपूर्वी, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. आज काकांचा हात त्या फाईलला लागलाच नव्हता. ते आतच जाऊ शकले नव्हते. ही तारीख फाईल उघडण्याआधीही माझ्या डोळ्यांसमोर होती.

तीन वाजून बारा मिनिटं. त्या सकाळी आरोहीला नवव्या महिन्याची लस दिली होती. मांडीला सूज, अंगात कणकण. ती माझ्या डाव्या हातावर निजली होती आणि मी उजव्या हाताने त्या चार ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर बाहेर पडून परत आत येऊन बघायचं असतं. एका मिनिटाचं काम. तेवढ्यात ती कळवळून रडली, मी लॅपटॉप मिटला, आणि मग त्या ओळी डोक्यातून गेल्या त्या गेल्याच. काकांना केलं म्हणून कळवायचंही राहिलं.

राहिलेला एक शब्द घातला. शेल उघडला. उघडा राहिला. अडीच वाजले होते.

भाऊंना कळवलं. मागून स्नेहाचा आवाज आला, झालं, आत गेलं. प्रिंटरची करकर सुरू झाली. भाऊंचा स्वर एकदम मऊ झाला. वाचवलंत, म्हणाले. मग विचारलं, नेमकं काय होतं?

"फाईलमध्येच होतं," मी म्हणाले. "काढलं."

"म्हणजे काकांचंच."

ही जागा होती. दोन वाक्यांची जागा. मी झोळीकडे पाहिलं. आरोही गाढ झोपली होती, ओठ मधूनच चोखल्यासारखे हलत होते.

"भाऊ, आरोही उठली, ठेवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ती त्यानंतर पाऊण तास झोपली. इतकी शांत ती क्वचित झोपते.

दुपारभर मी घरात उगाच कामं काढली. सासूबाई अंगणात झेंडूची तोरणं ओवत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांचं नाव वत्सलाबाई, पण गल्लीत सगळे त्यांना आईच म्हणतात. त्यांच्या हाताखाली सुई सरसर जात होती, माझी फुलं उलटी पडत होती. त्यांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, सकाळी बरी होतीस, जेवलीस का नीट? मी हो म्हटलं. ते दिवसातलं तिसरं खोटं.

पाच वाजता माझा नवरा ज्ञानेश ओझरहून, कारखान्यातून आला. आल्याबरोबर आरोहीला खांद्यावर घेतलं. शेडमध्ये झालं का सुरू, त्याने विचारलं, कारण आमच्या शेतातल्या झेंडूचे चाळीस क्रेटही तिथे होते. मी म्हटलं झालं. कोणाची चूक होती, त्याने विचारलं नाही. तो विचारेल म्हणून मी मात्र चहाच्या निमित्ताने आत गेले. तेव्हा कळलं की हे असं आता रोज होणार.

दिवेलागणीला मी लॅपटॉप उघडला. खोडलेल्या पाच ओळी निदान परत घालाव्यात, एवढंच मनात होतं. प्रत उघडली आणि पहिल्यांदा त्या वाचल्या.

पहिल्या वर्षी नुसतं श्री. दुसऱ्या वर्षी, श्री, नवसाबाई बरी होऊन घरी आली. नवसाबाई त्यांची बायको, ती त्या वर्षी दवाखान्यात होती. तिसऱ्या वर्षी परत नुसतं श्री. चौथ्या वर्षी, श्री, कंबर दुखत नाही. आणि पाचवी ओळ गेल्या दसऱ्याची. मला तेव्हा सातवा सरत आला होता. पाय सुजायचे, शेडमध्ये खुर्चीवर बसले की काका समोर रिकामं क्रेट उलटं करून ठेवायचे, पाय वर घ्या म्हणायचे.

श्री, ताई सुखरूप सुटू दे.

ओळीच्या सुरुवातीला हॅश होताच. यंत्राला न सांगता लिहिलेलं. मी ते एका बोटाने खोडलं होतं, आणि खोडताना हाच दोष आहे अशी माझी खात्री होती.

मी पाचही ओळी परत घातल्या. अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. मग बाहेर पडले, आत आले, शेल जगतो ना ते पाहिलं. तीनदा पाहिलं.

साडेसहाला काकांचा फोन आला. त्यांचा फोन आला की मी कधी नाव बघून थबकले नव्हते. आज थबकले. ते आधी आरोहीचं विचारतात, तसं विचारलं. दात येतायत का, काय खाते. मग म्हणाले,

"ताई, एक विचारू का, रागावू नका. हॅश लावला की यंत्र वाचत नाय, आसं तुम्ही शिकवलं व्हतं. माझ्या वहीत लिवलेलं हाय. मंग माझ्या लिवण्यानं ते बिघडलं कसं? मी हॅश लावायचा इसरलो व्हतो का?"

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. शिकवलेलं आपल्यालाच नीट कळलं नाही, असा सूर होता. सहा वर्षांची ती वही उघडून बसलेले ते मला डोळ्यांसमोर दिसले.

तेव्हाच सांगायचं होतं. पण फोनवर त्यांच्या एकट्याच्या कानात सांगून ते मिटणार नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. त्यात भित्रेपणा किती आणि शहाणपण किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काका, उद्या शेडवर येते. समोर सांगते," मी म्हटलं.

"या," ते म्हणाले. "लेकराला पण आणा."

दसऱ्याला सकाळी दहाला शेडमध्ये सगळे सोनं द्यायला जमतात. गाड्या आदल्या दिवशीच गेलेल्या असतात, फरशीवर पाकळ्या चिकटलेल्या असतात, काम थोडकं असतं. ज्ञानेशने मला दारात सोडलं. आरोही कडेवर, तिच्या मुठीत आपट्याचं एक पान, अर्धं चघळलेलं. मी येताना दोन-तीन वाक्यं तयार केली होती. त्यातलं एक लसीबद्दल होतं, तापाबद्दल. रस्ताभर ते वाक्य मी कधी पुढे घेत होते, कधी शेवटी.

काका भिंतीपाशी रिकामे क्रेट एकात एक रचत होते. कमरेला पट्टा होता. खिळ्यावर टांगून राहिल्यामुळे त्याला मधोमध घडी पडली होती, ती बांधल्यावरही गेलेली नव्हती. काल यंत्र बंद होतं तेवढा वेळ त्यांनी हाताने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या असं स्नेहा म्हणाली. मार्करची काळी शाई बोटांवर अजून होती. हार घातलेल्या कॉम्प्युटरपुढे स्नेहा अवघडून बसली होती.

भाऊ हसत समोर आले, सोनं घ्या म्हणाले, कालच्याबद्दल सगळ्यांसमोर माझं कौतुक सुरू केलं. मी त्यांना थांबवलं.

"भाऊ, काल यंत्र काकांमुळे बंद पडलं नाही, माझ्यामुळे पडलं. अकरा दिवसांपूर्वी मी त्या फाईलमध्ये चार ओळी घातल्या आणि तपासल्या नाहीत. काकांच्या ओळींचा काही संबंध नव्हता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं."

भाऊंनी फक्त शेवटचं तेवढं परत विचारलं. "माहीत होतं?"

"हो."

त्यांची नजर माझ्यावरून आरोहीवर गेली. काय येणार ते मला ठाऊक होतं. पण बोलले काका, हातातला क्रेट तसाच धरून.

"लेकरू आजारी आसंल, भाऊ. आशा टायमाला ध्यान ऱ्हात नाय बाईमाणसाचं."

मी तयार करून आणलेलं वाक्यच होतं ते. ज्या माणसावर मी बोल आणला तोच मला ते उचलून देत होता. घ्यायला हात पुढे करायचा, एवढंच बाकी होतं.

"नको काका," मी म्हटलं. "तिचं नाव नको यात."

आरोहीने ते चघळलेलं पान माझ्या तोंडाला लावलं. ओलं, तुरट.

भाऊ ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते हळू बोलले. "चूक झाली त्याचं काही नाही, ताई. क्रेट सांडला तर परत भरतो आपण. पण काल सगळ्या शेडसमोर मी या माणसाला वाट्टेल ते बोललो. ते आता मी कुठून परत भरू?"

उत्तर त्यांना माझ्याकडून नकोच होतं. ते वळले, काकांपुढे गेले, हातातली आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि वाकून पाया पडले. दसऱ्याला लहान माणूस मोठ्याच्या पाया पडतोच, त्यात कोणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. पण वर यायला त्यांनी जास्त वेळ घेतला. काकांनी क्रेट खाली ठेवला आणि काळ्या बोटांचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

मग मी वाकले. काकांनी हात आरोहीच्या डोक्यावर ठेवला. माझ्या नाही. मुद्दाम केलं असं नाही वाटत, पण माझ्या ते लक्षात राहिलं आहे.

"म्हंजे हॅश बरोबर व्हता माझा," ते म्हणाले.

"बरोबर होता, काका. पाचही."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग हात मागे नेऊन पट्ट्याची पकड सोडली, तो गुंडाळला आणि खिळ्याला अडकवला. स्नेहा आधीच खुर्चीवरून उठली होती.

ते बसले. चष्मा पुसला. स्नेहाने काल उघडलेला शेल त्यांनी वापरला नाही, आधी त्यातून बाहेर पडले. मग नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला, एका बोटाने, नेहमीसारखं. मी मागे उभी होते. सहा वर्षांपूर्वी ते माझ्या मागे उभे राहायचे, तिथेच. तीनदा तपासलेलं असूनही मी मनात सेकंद मोजत होते.

शेल उघडला. उघडाच राहिला. आणि चिठ्ठ्यांच्या फोल्डरमध्ये काय काय आहे ती यादी पडद्यावर सरसर खाली आली.

काकांची बोटं कळांवर तशीच राहिली. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, चष्मा वर केला, परत पाहिली. आज्ञा त्यांनी दिलेली नव्हती.

"ही तर आपोआप दिसली," ते म्हणाले. "मी मागितलं व्हतं तुमच्याकडं, पितरांच्या दिसांत. कधी केलं, ताई?"

आरोही हारातल्या झेंडूकडे झेपावत होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अकरा दिवस झाले, काका."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. फाईल उघडली, वरच्या पाच ओळींवरून बोट फिरवून त्या मोजल्या, आणि सहाव्या ओळीसाठी आधी हॅश शोधायला लागले.